सांदवाडीतली गांडुळं: समज, गैरसमज आणि वाफ्यातली वस्तुस्थिती

गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांत घरामागची सांदवाडी अजून टिकून आहे. वांगी, मिरची, भेदरं, सांबार, मांडवावर दोडका. त्याच घरातली भाजीची देठं, सालं आणि चहाचा चोथा मात्र उकिरड्यावर नाहीतर रस्त्याकडेच्या नालीत जातो. हा ओला कचरा गांडुळांकरवी थेट वाफ्यातच जिरवता येतो. त्यासाठी टाकं बांधायला नको, खत चाळायला नको की टोपलीनं वाहून न्यायलाही नको. पण या साध्या कामाभोवती इतके समज जमलेत की लोक सुरुवातच करत नाहीत, किंवा पहिल्या उन्हाळ्यात सोडून देतात.

सगळ्यात मोठा समज असा की किलोभर गांडुळं विकत आणून वाफ्यात सोडली की ती पसरतात आणि जमीन भुसभुशीत करतात.

तसं होत नाही. खताच्या टाक्यांसाठी विकली जातात ती मुख्यतः दोन जातींची: युरोपातलं आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतलं युड्रिलस युजेनी. दोन्ही शेणात आणि कुजत्या पाल्यापाचोळ्यात राहणारी, वरच्या थरातली. नुसत्या मातीत सोडलं तर त्यांना खायला काही नसतं. ती उपाशी मरतात, निघून जातात किंवा मुंग्या आणि कोंबड्यांच्या तोंडी पडतात. जमीन पोखरून तिच्यात हवा-पाणी खेळवणारी गांडुळं वेगळी. त्यांपैकी लॅम्पिटो मॉरिटी ही जात भारतभर आढळते. ती वर येऊन पाचोळा खाते आणि मातीत मिसळते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हेही आपल्याकडचंच, ओल्या शेणाखाली आणि उकिरड्याच्या कडेला सापडणारं. चेन्नईचे प्राणिशास्त्रज्ञ सुलतान अहमद इस्माईल यांनी याच दोन देशी जातींवर आपलं काम उभं केलं.

म्हणून मला वाटतं, गांडुळं विकत घेणं हा या कामातला सर्वांत लहान भाग आहे. वाफ्यात ओल, आच्छादन आणि कुजायला लागलेलं खाद्य असलं की आसपासची गांडुळं स्वतःहून येतात. घाई असेल तर जुन्या शेणखताच्या ढिगाखालची दोन-चार ओंजळी गांडुळं त्या शेणासकट उचलून आणावीत. विकतचीच हवी असतील तर कृषी विज्ञान केंद्रात जात विचारून घ्यावी.

याच्या अगदी उलट टोकाचा समजही विदर्भात घट्ट आहे: परदेशी गांडूळ हे गांडूळच नव्हे, ते जड धातूंनी जमीन विषारी करतं. नैसर्गिक शेतीचे प्रचारक, पद्मश्री सुभाष पाळेकर हे अमरावती जिल्ह्यातले. आयसेनियावर त्यांनी जाहीर टीका केली आहे आणि त्यांना मानणारे शेतकरी इकडंही आहेत. पाळेकरांचा देशी गांडुळांचा आणि आच्छादनाचा आग्रह मला पूर्ण पटतो. परदेशी गांडुळाबद्दलचा हा दावा मात्र टिकत नाही. आयसेनिया फेटिडा हे लुम्ब्रिसिडी कुळातलं अस्सल गांडूळ आहे. मातीतली रसायनं किती घातक आहेत हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा हेच गांडूळ वापरतात. जड धातू ते तयार करत नाही. खाद्यात शिसं किंवा कॅडमियम असेल तर ते त्याच्या अंगात साठतं, इतकंच. शहरातल्या मिसळलेल्या कचऱ्यात हा धोका खरा आहे. घरच्या दोडक्याच्या सालीत तो कुठून येणार?

आता खाद्याबद्दल. “गांडूळ काहीही खातं” असं सांगितलं जातं आणि तिथंच घोटाळा होतो. गांडुळाला दात नाहीत. कच्चं देठ ते चावू शकत नाही; जिवाणू आणि बुरशीनं मऊ केलेलं अन्नच ते गिळतं. म्हणूनच ते रोपांची मुळं कुरतडतं ही भीतीही निराधार आहे. ते रोज स्वतःच्या वजनाइतकं खातं हा आकडाही फार उदार आहे. थंडीत किंवा कोरड्यात ते त्याच्या निम्मंही खात नाही. त्या हिशोबानं कचरा टाकत गेलात तर तो सडतो, आंबतो आणि वास सुटतो.

आपल्या भागात खरी अडचण उरलेल्या भाताची होते. भाताचा गोळा तसाच पुरला तर आत हवा पोचत नाही, तो आंबतो आणि गांडुळं त्याच्यापासून लांब जातात. मूठभर भात मोकळा करून कोरड्या पाल्यात किंवा कुटारात मिसळला तर तोच निमूट जिरतो. लोणचं, तेलकट रस्सा, मिठाचं काहीही नको. मीठ गांडुळाच्या ओल्या कातडीला सोसत नाही, आणि त्याच कातडीतून ते श्वास घेतं. हा तलावांचा जिल्हा, घरोघरी मासळी. पण मासळीचे खवले-आतडी वाफ्यात पुरली तर रात्री कुत्री वाफा उकरून ठेवतात. संत्र्याच्या सालीची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. सालीतलं तेल गांडुळांना बाधतं हे खरं आणि बंद डब्यात ते जपायलाच हवं. उघड्या वाफ्यात दोन-चार साली पडल्या तर गांडुळं बाजूला सरकतात आणि साल कुजली की परत येतात.

पद्धत सोपी आहे. दोन ओळींच्या मधे वीतभर खोल चर घ्यायचा. तळाशी बारीक केलेला कचरा चार बोटं, त्याच्या दुप्पट सुका पाला किंवा तणस, वर माती आणि पुन्हा तणसाचं पांघरूण. दुसऱ्या दिवशी पुढची जागा. पहिल्या जागी परत यायला महिना-दीड महिना जाऊ द्यावा. चर नको असेल तर बिनबुडाची बांबूची टोपली वाफ्यात अर्धीअधिक गाडावी आणि कचरा तिच्यात टाकून झाकण ठेवावं. गांडुळं विणीतून आत-बाहेर करतात. ताजं शेण टाकू नये; कुजताना ते तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. ते पंधरा दिवस पसरून निवू द्यावं.

“उन्हाळ्यात सगळी मरतात” हे अर्धसत्य आहे. मे महिन्यात इथं पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि आयसेनियाला 35 च्या वर तग धरणं कठीण. थंडीत उलटं होतं. विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियात नोंदवलं जातं आणि त्या रात्री आफ्रिकन जात मंदावते. लॅम्पिटोसारखी देशी गांडुळं मात्र उन्हाळ्यात माती सुकू लागली की खोल जातात आणि अंगाचं वेटोळं करून निपचित पडून राहतात. अंड्यांचे कोष ओलसर मातीत तग धरतात. मांडवाखालचा एखादा वाफा तणसानं झाकून संध्याकाळी ओला ठेवलात तर जूनमध्ये बीज शिल्लक असतं. पावसात गांडुळं वर येतात ती केवळ बुडण्याच्या भीतीनं, असंही नाही. ओल्या पृष्ठभागावर लांबचा प्रवास करता येतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तरी साचलेल्या पाण्यात प्राणवायू लवकर संपतो, म्हणून श्रावणात वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंचच हवा.

“तणसानं साप येतात” ही भीती मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. मण्यार आणि घोणस इथं खरोखर आहेत. साप गांडूळ खतामागे येत नाही; तो उंदरामागे आणि अडगळीमागे येतो. दाणे राहिलेलं तणस, घराच्या भिंतीला लागून रचलेला ढीग ही उंदरांची जागा. तणस झोडून घ्यावं, चार-सहा बोटं जाडीचं पसरावं, ढीग करू नये. पांघरूण हातानं नव्हे, काठीनं उचलावं आणि अंधारात वाफ्याकडे टॉर्चशिवाय जाऊ नये.

शेवटचा समज खताच्या ताकदीचा. एवढ्यावर धानाचा युरिया बंद करता येईल का, असं विचारलं जातं. हिशोब करू. घरात रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर वर्षाला 180 किलोच्या आसपास होतो. त्यात पाणीच 80 टक्क्यांवर. उरलेल्या पस्तीसेक किलोत नत्र साधारण 2 टक्के धरलं तरी पाऊण किलोच्या आत. धानाला मात्र एकरी 40 किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते. शिवाय पाणी भरलेल्या बांधीत ही खतातली गांडुळं जगतच नाहीत. हा कचरा बांधीसाठी नाही. चार-पाच वाफ्यांच्या सांदवाडीला मात्र तो पुरेसा हातभार लावतो आणि तणसाखाली पाणीही कमी लागतं.

सुरुवात दसऱ्यानंतर करावी. पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते, कडक थंडी अजून लांब असते आणि धान कापणीला आलेलं असल्यानं ताजं तणस थोड्याच दिवसांत हाती येतं.