यंत्राचे दप्तर : लेखांक सहावा
नोंदींचे रुमाल आणि भरलेली डिस्क

इंदापूर तालुक्याचे नाव जमाबंदीच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. कारण प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पाहणीने बसविलेला धारा रयतेला डोईजड झाल्यावर, १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या मोजणीचा आरंभ याच तालुक्यात केला आणि पुढल्याच वर्षी ३० वर्षांच्या मुदतीने धारा ठरविला. मोजणी आली की कागद आला, आणि कागद साचू लागला की कोणता राखावा व कोणता नष्ट करावा, हा प्रश्न दप्तरखान्याला चुकत नाही. पुढे महसुली कचेऱ्यांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी रूढ झाली : अ वर्गाचा कागद कायमचा, ब वर्गाचा ३० वर्षांचा, तर ड वर्गाचा वर्षभराने निकालात निघणारा. सर्व्हर आपली रोजकीर्द, म्हणजे लॉग, कशी लिहितो हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. त्या रोजकीर्दीला अशी मुदत कोणी घालून दिली नाही, तर काय होते ते मी याच तालुक्यातील एका वजनकाट्यावर पाहिले आहे.

ऐन गळीत हंगाम होता. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग हमरस्त्याला भिडली होती. काट्यावर आकडा दिसत होता, पण पावती निघत नव्हती. कधीकाळी दुरुस्तीसाठी चालू केलेली सविस्तर नोंद बंद करावयाची राहून गेल्यामुळे, काट्याचा आकडा हलला की एक ओळ, याप्रमाणे महिनोन् महिने लिहीत गेलेल्या पावतीच्या प्रणालीने सारी डिस्क व्यापली होती. काट्यावरच्या मुलाने सर्वांत मोठी फाइल शोधून पुसली, आणि पुन्हा पाहतो तो डिस्क तशीच शंभर टक्के भरलेली!

यातील मर्म नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. लिनक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे सूचीतून तिचे नाव खोडणे. परंतु एखाद्या कारकुनाने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तर, मांडीवर सोडून ठेवला असेल, तर सूचीतील नाव खोडल्याने कपाटात जागा होत नाही, तद्वत चालू प्रोग्रामने ती फाइल उघडी धरली आहे तोवर तिची जागा मोकळी होत नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठे पावत्या निघू लागल्या. अशा वेळी फाइल न पुसता जागच्या जागी रिकामी करणे, म्हणजे ट्रंकेट करणे, अधिक श्रेयस्कर. मात्र शेवटच्या काही ओळी आधी अन्यत्र उतरवून घ्याव्यात, एरवी बिघाडाची कैफियतच हातची जाते.

तथापि ही सारी आणीबाणीची उपाययोजना झाली. नित्याच्या बंदोबस्तासाठी लॉगरोटेट नावाचा प्रोग्राम असतो : ठरल्या मुदतीने तो चालू रुमाल बांधून नवा सोडतो, जुने दाबून लहान करतो, आणि मुदत सरलेले नष्ट करतो. नोंदींत तेच ते शब्द वारंवार येत असल्याने त्या दाबल्यावर मूळच्या मानाने फारच थोड्या जागेत मावतात. लिनक्समधील सिस्टिमडी या व्यवस्थापक प्रोग्रामची नोंदवही, म्हणजे जर्नल, डिस्कच्या दहा टक्क्यांवर, आणि फार तर चार जीबीवर, आपण होऊन थांबते. लहान डिस्कवर ही मर्यादाही खाली आणावी.

मुदत ठरविताना मात्र सरसकट न्याय लावू नये. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस, तेही भारताच्या हद्दीत, राखावे लागतात. तेव्हा कोणी केव्हा प्रवेश केला, याची नोंद जागेच्या टंचाईपायी उडविण्याची मुभा कोणालाच नाही. दुरुस्तीच्या वेळची सविस्तर नोंद ही खरी ड वर्गाची; दुरुस्ती संपताच ती बंद करावी. आणि उसाच्या वजनाची नोंद, जिच्यावर शेतकऱ्याचे बिल निघते, ती लॉगच्या फोल्डरात कधीही असता कामा नये. तिचे स्थान डेटाबेसमध्ये, अ वर्गात.

त्या काट्यावर पुढे लॉगसाठी डिस्कचा स्वतंत्र भाग तोडून दिला. आता तो भाग काठोकाठ भरला, तरी पावती अडत नाही.