‘ट्राय करते’ म्हणजे नक्की काय?

ताईंनो, विंझर असो की शेजारचं गाव, बैठकीत हप्त्याचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, “ट्राय करते.” शब्द वाईट नाही. गाडी शिकताना चालतो. पण हप्त्याच्या वेळी ‘यंदा जमणार नाही’ म्हणायची लाज त्याच्या आड लपते.

आपल्याकडे नेमके शब्द आहेत. चार ठिकाणी विचारून वाट काढणं, ती खटपट. पडत-उठत पुढं जाणं, ती धडपड. जीव तोडून करणं, तो आटापिटा. ‘मॅनेज करते’ मात्र जपून म्हणा. त्याला लपवाछपवीचा वास येतो.

अडचण असेल तर सरळ सांगा : “शनिवारी दुधाचे पैसे आले की २०० भरते, बाकीचे पुढच्या बैठकीत.” मग गटालाही मार्ग काढता येतो.