‘गोट’ म्हणजे काय? इन्स्टावरच्या शेळीच्या इमोजीचा खरा अर्थ

समजा तुमच्या टीमनं आमखास मैदानावर मॅच जिंकली. कोच सरांनी ट्रॉफीसोबतचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तुम्ही खाली नुसता शेळीचा इमोजी ठोकून दिला. तुमच्या मनात कौतुक, पण सरांच्या मनात प्रश्न: हा पोरगा मला बकरा म्हणतोय का?

राग येणं साहजिक आहे. आपल्याकडे ‘बकरा बनवला’ म्हणजे फसवलं. मग इंग्रजीत शेळीला एवढा मान का?

अर्थ काय?

‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या चार शब्दांची पहिली अक्षरं जोडली की होतं ‘गोट’. म्हणजे आजवरचा सगळ्यात भारी. शेळीचं इंग्रजी स्पेलिंगही तेच, म्हणून शेळीचा इमोजी. बाकी प्राण्याचा काही संबंध नाही.

आला कुठून?

बॉक्सर मुहम्मद अली स्वतःला ‘द ग्रेटेस्ट’ म्हणवून घ्यायचे. १९९२ मध्ये त्यांच्या पत्नी लॉनी अली यांनी ‘गोट’ याच आद्याक्षरांची कंपनी काढली. २००० मध्ये रॅपर एलएल कूल जे याचा याच नावाचा अल्बम आला आणि शब्द पोरांच्या तोंडी बसला. २०१८ मध्ये मेरियम-वेबस्टर डिक्शनरीनं तो घेतला. डिसेंबर २०२५ मधल्या मेस्सीच्या भारत दौऱ्याचं नावच ‘गोट इंडिया टूर’ होतं. तेव्हा वानखेडेवर सचिननं त्याला आपली १० नंबरची जर्सी दिली.

गंमत म्हणजे अमेरिकन खेळांत पूर्वी ‘गोट’ म्हणजे ज्याच्या चुकीमुळे मॅच हरली तो खेळाडू. थोडक्यात, आपला ‘बळीचा बकरा’! आता अर्थ पार उलटा झाला.

वापरायचं कसं?

• ‘सचिन गोट आहे’: सचिनसारखा दुसरा कोणी नाही.
• ‘काय गोटेड बॅटिंग केली!’: ‘गोटेड’ हे विशेषण, म्हणजे एकदम जबरदस्त.
• पेपरच्या दिवशी हॉल तिकीट विसरलेल्या मित्राला ‘तू तर गोट आहेस’: हा सरळ टोमणा.

जपून कुठे?

१. मोठ्या माणसांना नुसता इमोजी पाठवू नका. ‘सर, तुम्ही बेस्ट आहात’ एवढं सोबत लिहा, गैरसमज होणार नाही.

२. नोकरीचा अर्ज किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये नको.

३. मराठीत ‘गोट’ हा वेगळा शब्द आहे. ‘विरोधकांच्या गोटात खळबळ’ यातला गोट म्हणजे छावणी, गट. त्यामुळे देवनागरीत लिहिताना मागचा-पुढचा संदर्भ स्पष्ट ठेवा.

४. संदर्भ नसला की घोळ होतो. आपल्या संभाजीनगरच्या नान-खलियाच्या रीलखाली शेळी दिसली, तर ती तारीफ आहे की मटणाचा उल्लेख, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?

आणि एक सांगतो. प्रत्येक रीलखाली ‘गोट’ लिहिलं तर त्या शब्दाला काही किंमत राहत नाही. ‘आजवरचा सगळ्यात भारी’ एखादाच असतो. बाकीच्यांना आपलं ‘लय भारी’ आहेच की!