सुरुंगनिवारक लाकडी नौका
सागरात पेरलेले पाणसुरुंग निकामी करून जहाजांना वाट मोकळी करून देणारी लहान लढाऊ नौका. पहिल्या महायुद्धातील बहुतेक पाणसुरुंग तळाशी नांगरलेले असून जहाजाच्या धक्क्याने फुटत. मागे ओढलेल्या तारेने त्यांचा दोर कापला, की ते वर येत व गोळीबाराने नष्ट करता येत. १९३९ मध्ये जर्मनीने तळावर पडून राहणारे चुंबकी सुरुंग वापरल्यावर ही पद्धत अपुरी पडली. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी टेम्स नदीच्या मुखाजवळ शूबरीनेस येथे चिखलात मिळालेला असा सुरुंग उकलण्यात आला. पोलादी जहाजाच्या चुंबकी क्षेत्रामुळे तो फुटतो हे सिद्ध झाल्याने सुरुंगनिवारणासाठी लाकडी नौकेची निकड भासू लागली.

अमेरिकी नौदलाचा वायएमएस वर्ग हे तिचे उत्तम उदाहरण होय. लांबी सु. ४१·५ मी., भार सु. २७० टन, ८८० अश्वशक्तीची दोन डीझेल एंजिने व वेग सु. १५ नॉट. मोठ्या गोद्या इतर कामांत गुंतल्याने या नौका मुख्यतः क्रीडानौका बांधणाऱ्या कारखान्यांत तयार झाल्या. त्यांची एकूण संख्या ५६१ होती. त्यांपैकी अनेक ब्रिटनला देण्यात आल्या.

नौकेचे खरे शस्त्र तोफ नव्हे, तर विद्युत् जनित्र होते. मागे सोडलेल्या तरंगत्या केबलीतून प्रवाहाचे झोत सोडले जात व खाऱ्या पाण्यातून मंडल पूर्ण होई. त्या चुंबकी क्षेत्राने सुरुंग नौकेच्या मागे, सुरक्षित अंतरावर फुटे. ध्वनीने फुटणाऱ्या सुरुंगांसाठी आवाज करणारी यंत्रे पाण्यात सोडीत. काही सुरुंगांत गणक असे. ठराविक जहाजे जाऊ देऊन मगच ते फुटत. त्यामुळे एकच पट्टा पुनःपुन्हा झाडावा लागे आणि पहिल्या फेरीत निर्धोक ठरलेले पाणी नंतर घातक ठरू शकत असे. १९४४ मध्ये नॉर्मंडीसमोर वापरलेल्या दाबसुरुंगांवर मात्र या नौकांपाशी खात्रीचा उपाय नव्हता. जहाज वरून जाताना तळाशी घटणारा पाण्याचा दाब केबलीने निर्माण करता येत नाही.

लाकडामुळे चुंबकी धोका घटला, तरी एंजिनांचे व तोफांचे लोखंड उरतेच. शिवाय जवळच स्फोट झाल्यास असा हलका सांगाडा तग धरीत नसे. जून १९४५ मध्ये बोर्निओतील बालिकपापानसमोर या वर्गाच्या तीन नौका नष्ट झाल्या. तेथील बरेचसे सुरुंग दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी पूर्वी टाकलेले होते.

युद्धानंतर पुष्कळ नौका विकल्या गेल्या. झाक-ईव्ह कूस्तो यांचे १९५० नंतरचे प्रसिद्ध संशोधन जहाज ‘कॅलिप्सो’ हे सिअ‍ॅटलमध्ये १९४२ साली ब्रिटनसाठी बांधलेली अशीच एक नौका होती.