भेंडीबाजार : चाळींच्या जागी टॉवर

सँडहर्स्ट रोड स्थानकातून पश्चिमेला काही मिनिटं चाललं की भेंडीबाजार लागतो. जरीच्या कडेची पांढरी टोपी घातलेले बोहरी दुकानदार, रंगीबेरंगी रिदा (बोहरी बायकांचा पोशाख) ल्यालेल्या बायका, हार्डवेअर आणि अत्तराची दुकानं, मधून वाट काढणाऱ्या हातगाड्या. या गर्दीच्या माथ्यावर आता उंच टॉवर दिसतात, तर आसपासच्या गल्ल्यांत टेकूंवर तगलेल्या चाळी.

गाण्याच्या जगात या वस्तीचं नाव मोठं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथे राहिले, त्यांच्या गायकीतून भेंडीबाजार घराणं घडलं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँकडे शिकल्या. लता मंगेशकरांनी अमान अली खाँकडे तालीम घेतली.

इमारतींचे हाल मात्र कायद्याने केले. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना, पागडी (जागा घेताना एकरकमी दिलेले पैसे) मोजून आलेला भाडेकरू जागा सोडेना. १९६९ साली सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमलं, पण डागडुजीने जुनं लाकूड किती दिवस तग धरणार?

२००९ साली राज्य सरकारने समूह पुनर्विकासाचा नियम आणला. एकेक इमारत न पाडता अख्खी वस्तीच नव्याने बांधायची, त्यासाठी भूखंडाच्या चौपट चटईक्षेत्र (म्हणजे बांधकामाची परवानगी) द्यायचं, अट भाडेकरूंच्या संमतीची. त्याच वर्षी बोहरी समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं. भाडेकरूला किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर, तेही फुकट. खर्च विक्रीच्या घरांतून भरून काढायचा.

नकाशा काढणं सोपं होतं, घर रिकामं करायला लावणं अवघड. ‘गेलो तर परत येऊ का?’ ही मुंबईच्या भाडेकरूची जुनी धास्ती. त्यातच ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसेनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. ही इमारत याच प्रकल्पात होती. काही कुटुंबं आधीच संक्रमण निवासात हलली होती, काही तिथेच राहत होती. पहिल्या टप्प्यातल्या अल सादाह टॉवरमध्ये रहिवासी २०२० साली परतू लागले.

इथे आलात तर बोहरी धर्मगुरूंची रौदत ताहेरा ही संगमरवरी समाधी बाहेरून तरी पाहा. तिच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलं आहे. भाडेकरू बहुतांश बोहरी, त्यांची श्रद्धा इथे जडलेली असल्याने ट्रस्टच्या शब्दाला वजन आलं. मुंबईतल्या इतर हजारो उपकरप्राप्त इमारतींनाही समूह पुनर्विकासाचा हाच नियम लागू आहे. पण सरकार चटईक्षेत्र वाढवून देऊ शकतं, भाडेकरूचा भरवसा मिळवून देऊ शकत नाही. तो बिल्डरला स्वतःच कमवावा लागेल.