आधी खेळ, मग सूर
(गावच्या बालभजनी वर्गासाठी काही सूचना)



ऊसविकासाच्या पानावर संगीताचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु लागणीच्या नोंदी घेत निलंगा भागात गावोगाव हिंडताना उसाबरोबर लेकराबाळांच्याही गोष्टी निघतात. सप्ताह जवळ आला की मृदंगी शेजारच्या गावाहून आणावा लागतो, आणि टाळ धरून उभी राहणारी माणसे बहुतेक पन्नाशी ओलांडलेली दिसतात. मग गावकरी वर्ग काढतात, पेटी आणतात, मास्तर ठेवतात. पहिल्या दिवशी देऊळ भरते आणि पंधरवड्यात चारदोन लेकरं उरतात.

कारण साधे आहे. पहिल्याच दिवशी पोराला एकट्याला उभे करून 'सा लाव' म्हणतात. सगळे बघतात, कोणी फिदीफिदी हसते, आणि ते पोर पुन्हा वर्गाकडे फिरकत नाही. डोळा उगवून येण्याआधी उसाची मोठी बांधणी कोणी करतो काय? तसेच हे. आधी भीड मोडली पाहिजे, आणि भीड मोडायला खेळासारखा उपाय नाही.

ही रीत आपलीच

आषाढी वारीत रिंगणानंतर टाळ-मृदंगाच्या नादात उडीचा खेळ रंगतो, वारकरी फुगड्या घालतात. पैठणच्या नाथमहाराजांच्या भारुडांत आणि तुकोबांच्या गाथेत फुगडी, हुतूतू या खेळांवर रचना आहेत. भजनात पावली खेळताना ठेका आधी पायांत उतरतो, मग गळ्यात. दूर स्वित्झर्लंडमध्ये एमिल जाक-दालक्रोझ (१८६५-१९५०) या संगीतशिक्षकांनीही चालणे, थांबणे व हातांची हालचाल यांतून लय शिकवण्याची पद्धत घडवली. आपल्या वारकऱ्याला ती परकी वाटणार नाही.

पहिली पंधरा मिनिटे

वर्गाच्या सुरुवातीला पुढीलपैकी एकदोन खेळ घ्यावेत. खर्च काही नाही.

१) नावाचा ठेका : सर्वांनी गोल उभे राहून संथ टाळ्या द्याव्यात. एकाने चार टाळ्यांत आपले नाव सांगावे, पुढच्या चार टाळ्यांत सगळ्यांनी तेच नाव म्हणावे. आपले नाव सगळ्यांच्या तोंडून ऐकले की लाजरे लेकरूही मान वर करते. केरव्याच्या आठ मात्रा अशा न सांगता अंगवळणी पडतात.

२) मुकी मोजणी : पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर काल म्हणून हात बाजूला. आधी आठही मात्रा मोठ्याने मोजाव्यात, मग मनात. पुन्हा समेवर सगळ्यांची टाळी एकदम पडली तर सगळेच जिंकले.

३) राजा कोण? : एकाने बाहेर जावे. आत एक राजा ठरवावा. तो टाळी, चुटकी, मांडीवर थाप असे बदलत जाईल आणि बाकीचे त्याच्यामागून करतील. बाहेरच्याने येऊन राजा ओळखायचा. एकमेकांकडे बघून वाजवण्याची सवय इथे लागते, आणि भजनात तीच कामी येते.

४) आवाज ओळखा : मधल्याचे डोळे बांधावेत. कोणीतरी गाण्याची एक ओळ म्हणावी, त्याने नाव ओळखावे. गळ्यापेक्षा ओळखण्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, म्हणून न गाणारेही गाऊन जातात.

५) भेंड्या : अभंग, ओव्या, गाणी काही चालेल. मात्र गटाने मिळून म्हणावे, एकट्यावर पाळी आणू नये.

जपण्याच्या गोष्टी

चुकला त्याला खेळाबाहेर काढू नये. बाहेर बसलेले पोर उद्या येत नाही. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा त्यांना 'बेसूर' म्हणून हिणवू नये. पेटीची पट्टी उतरवावी, नाहीतर काही महिने टाळ हाती द्यावेत. पेटी थांबली तरी ठेका सुटत नाही. मुली मोठ्या झाल्या की वर्गात येईनाशा होतात. वर्ग दिवसाउजेडी शाळेच्या पटांगणात ठेवला आणि एखादी आई-मावशी सोबत बसली तर त्याही टिकतील.

आमचा भाग बीदरला लागून. कोणाच्या घरी कानडी, कोणाच्या उर्दू, तांड्यावर गोरमाटी. टाळीला भाषा लागत नाही, म्हणून पहिल्या दिवशी हे खेळ फार कामाचे.

कोपीवरची लेकरं

शेवटची गोष्ट महत्त्वाची. गळिताच्या हंगामात आपल्या उसावर कोयता चालवणाऱ्यांची लेकरं महिनोन्‌महिने फडाजवळच्या कोपीत असतात. गावात देवळापाशी गाणे चालते आणि ती लांबून ऐकतात. शाळा बुडते ती वेगळीच. त्यांना बोलावून गोलात घेतले तर सभासदाचे पोर आणि मजुराचे पोर एकाच ठेक्यावर एकमेकांचे नाव म्हणतील. शेतात नांग्या दिसल्या की आपण वेळीच भरतो. गोलात पडलेली ही नांगीही तशीच भरावी.

यंदाच्या हंगामात ज्या गावी वर्ग चालतो तिथल्या सभासदांनी मास्तरांना हे पान दाखवावे आणि जवळच्या कोपीवर एकदा निरोप धाडावा, एवढीच विनंती. निरोप देताना आईबापांना भेटून, वर्ग किती वाजता सुटतो आणि लेकरांना परत कोण आणून सोडणार हे सांगावे. म्हणजे ती निर्धास्तपणे पाठवतील.

— ऊस विकास अधिकारी