फ्लानर : पॅरिसचा रिकामटेकडा निरीक्षक

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये बिनकामाचा हिंडत गर्दी न्याहाळणारा माणूस म्हणजे फ्लानर. काचेच्या छताखालच्या दुकानगल्ल्या, अर्थात ‘पासाज’, हा त्याचा अड्डा. तिथे ना चिखल, ना घोडागाड्यांची धास्ती. एडगर अ‍ॅलन पोच्या १८४० मधील कथेतली लंडनची गर्दी फ्रेंच कवी बोदलेरला भावली. १८६३ मध्ये चित्रकार कॉन्स्तांतँ गीवर लिहिताना त्याने फ्लानरमध्ये आधुनिक कलावंत पाहिला. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने १९२७ पासून पासाजवर टिपणांचा डोंगर रचला. तो ग्रंथरूपाने आला १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी. असं भटकण्याची चैन मात्र पुरुषांची, तीही पैसा आणि सवड दोन्ही असलेल्यांची. लेखिका जॉर्ज सांदला १८३१ च्या सुमारास पॅरिसभर मोकळेपणी फिरण्यासाठी पुरुषी कोट-बूट चढवावे लागले.